शत्रूची भाषा : युद्धपटाच्या इतिहासातील एक सूत्र

१

जगातील उत्तम युद्धपट कोणते, असा प्रश्न निघाला की जी नावे पुढे येतात त्यांच्यामागे बहुधा दोन निकष असतात. पहिला निकष दृश्याच्या भव्यतेचा : रणभूमी किती प्रत्ययकारी उभी राहिली, सैन्याच्या हालचाली कितपत खऱ्या वाटल्या. दुसरा निकष भूमिकेचा : चित्रपट युद्धाचा गौरव करतो की निषेध. ह्या दोन्ही निकषांना काही अर्थ आहे. पण पहिल्याच्या आहारी गेल्यास युद्धपट हा तंत्राच्या इतिहासातला एक प्रकार तेवढा उरतो, आणि दुसऱ्याच्या आहारी गेल्यास त्याचे मूल्यमापन त्याच्या हेतूवर येऊन थांबते. युद्धाचा निषेध करणारे सामान्य चित्रपट पुष्कळ आहेत, हे आपल्याला ठाऊक असते.

प्रस्तुत लेखात युद्धपटाच्या इतिहासाकडे एका तिसऱ्या प्रश्नाच्या आधारे पाहावयाचे आहे. युद्धपटात शत्रू कोणत्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा कोणाला कळते? प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटेल. परंतु युद्ध ही अशी परिस्थिती आहे की जिच्यात भिन्न भाषा बोलणारी माणसे फार मोठ्या संख्येने एकमेकांसमोर आणली जातात आणि त्यांनी एकमेकांशी बोलू नये अशी सर्व व्यवस्थाही केलेली असते. कादंबरीत अनेक सामाजिक भाषांचा परस्परांशी संवाद-संघर्ष चाललेला असतो, हे बाख्तिनचे प्रतिपादन मराठी समीक्षेला परिचित आहे. युद्धपटात ह्या भाषा शब्दशः परक्या असतात. त्यांना आवाज द्यावा की नाही, हा निर्णय दिग्दर्शकाला घ्यावाच लागतो आणि त्या निर्णयातून त्या चित्रपटाची माणसाविषयीची समज उघड होते. ज्या अभिजात युद्धपटांची शिफारस येथे करावयाची आहे, ते ह्या एका सूत्रात ओवता येतात असे मला वाटते.

२

मूकपटापुढे हा प्रश्न उभाच राहिला नव्हता. पात्रे ओठ हलवत आणि मध्ये येणाऱ्या पाट्या ज्या देशात खेळ असेल त्या देशाच्या भाषेत लिहून घेता येत. किंग व्हिडॉरच्या 'द बिग परेड' (१९२५) ह्या चित्रपटात अमेरिकन सैनिक आणि फ्रेंच खेडुत मुलगी ह्यांना एकमेकांची भाषा येत नाही. तो तिला च्युइंग गम कसा चघळावा हे शिकवतो आणि त्यांचे प्रेम जुळते. पुढे हाच सैनिक तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एका जखमी जर्मनाला मारायला जातो, त्याला मारू शकत नाही, आणि त्याच्या तोंडात सिगारेट देतो. दोन्ही प्रसंग शब्दांवाचून पार पडतात. भाषेचे अंतर आहे, पण सगळेच मुके असल्यामुळे ते कोणाला बोचत नाही. मूकपटाला 'वैश्विक भाषा' म्हणण्याची जी प्रथा होती तिच्यामागे हा सोयीस्कर मुकेपणा होता.

बोलपट आला आणि ही सोय संपली. १९३० साली एकाच महायुद्धाविषयीचे दोन बोलपट काही आठवड्यांच्या अंतराने लोकांपुढे आले. त्यांची तुलना ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. लुइस माइलस्टोनचा 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा रेमार्कच्या १९२९ सालच्या जर्मन कादंबरीवर आधारलेला अमेरिकन चित्रपट. त्यातील जर्मन मुले इंग्रजी बोलतात. निर्मिती ज्या देशाची, त्या देशाची भाषा सर्व पात्रांच्या तोंडी घालावयाची, हा संकेत आपल्याही परिचयाचा आहे : व्ही. शांताराम ह्यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) मध्ये सोलापूरचा डॉक्टर आणि त्याची चिनी पत्नी दोघेही हिंदीतच बोलतात. हा संकेत म्हणजे वास्तवाशी केलेली तडजोड, असे आपण सहज म्हणून जातो. पण माइलस्टोनच्या हाती त्याला वेगळेच सामर्थ्य आले. बारा वर्षांपूर्वी जो शत्रू होता तो अमेरिकन प्रेक्षकाच्या स्वतःच्या भाषेत, वर्गातल्या मुलाच्या आवाजात बोलू लागला. भाषांतराने येथे परकेपणाच पुसून टाकला.

मात्र त्याच चित्रपटात एक माणूस बोलत नाही. पॉल ज्या फ्रेंच सैनिकाला खड्ड्यात भोसकतो आणि ज्याच्या प्रेताशेजारी तो रात्र काढतो, त्या सैनिकाची भूमिका रेमंड ग्रिफिथ ह्या मूकपटातील विनोदी नटाने केली होती. स्वरयंत्रातील दोषामुळे ग्रिफिथचा आवाज अगदी क्षीण होता आणि बोलपटाने त्याची नटाची कारकीर्द संपवली होती. बोलपटाच्या युगातला हा मुका नट पडद्यावर मरतो आणि पॉल त्याच्याशी बोलत राहतो, त्याची क्षमा मागतो. उत्तर येत नाही. शत्रूचे मरण हे भाषेबाहेरच राहते, हे ह्या प्रसंगाने नकळत नोंदवले आहे.

ह्या चित्रपटाची पुढची हकीकतही भाषेच्या संदर्भात पाहण्याजोगी आहे. १९३०च्या डिसेंबरमध्ये जर्मन भाषेत डब केलेली प्रत बर्लिनमध्ये लागली, तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी चित्रपटगृहात उंदीर आणि दुर्गंधीचे गोळे सोडून खेळ उधळला, आणि थोड्याच दिवसांत चित्रपटावर बंदी आली. त्या मुलांना जर्मन बोलताना पाहणे जर्मनीतल्या काही लोकांना सहन होणारे नव्हते. हीच कादंबरी मूळ भाषेत बोलणाऱ्या चित्रपटाच्या रूपाने यावयास २०२२ साल उजाडले. एडवर्ड बर्गरच्या त्या जर्मन चित्रपटाला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. रणभूमीच्या चित्रणात तो जुन्या चित्रपटाच्या पुढे आहे. तरीही शत्रूला आपली भाषा देण्यात जे धाडस १९३० साली होते, ते शत्रूला त्याची भाषा परत देण्यात ९२ वर्षांनी उरले नव्हते.

दुसरा चित्रपट पाब्स्टचा 'वेस्टफ्रंट १९१८'. येथे जर्मन जर्मन बोलतात आणि फ्रेंच फ्रेंच. शेवटी इस्पितळात शेजारी पडलेला जखमी फ्रेंच सैनिक मेलेल्या जर्मनाचा हात हातात घेऊन, आपण शत्रू नसून सोबती आहोत, असे त्याच्या स्वतःच्या भाषेत पुटपुटतो. ज्याला उद्देशून हे म्हटले आहे तो ऐकण्याच्या पलीकडे गेला आहे. त्यानंतर पडद्यावर 'समाप्त' हा शब्द प्रश्नचिन्हासह येतो. माइलस्टोनकडे बोलणारा जिवंत आहे आणि ऐकणारा मृत. पाब्स्टकडेही तसेच आहे, फक्त बोलणाऱ्याची बाजू बदलली आहे. पुढच्या युद्धपटांना जणू ह्या अर्धवट राहिलेल्या संवादापासूनच आरंभ करावा लागला.

३

हा संवाद सर्वांत दूरवर नेला तो ज्याँ रेन्वारने, 'ला ग्रांद इल्यूझियाँ' (१९३७) मध्ये. हा युद्धपट असूनही ह्यात एकही लढाई नाही. युद्धकैद्यांच्या छावण्या आहेत आणि तेथे फ्रेंच, जर्मन व इंग्रजी ह्या तिन्ही भाषा वावरतात. कैद्यांनी महिनोन् महिने खपून भुयार खणलेले असते. ऐन वेळी त्यांना दुसऱ्या छावणीत हलवतात आणि त्यांच्या जागी इंग्रज कैदी येतात. भुयार तयार आहे हे माऱ्येशाल एका इंग्रज अधिकाऱ्याला जीव तोडून सांगतो, पण त्या अधिकाऱ्याला फ्रेंच कळत नाही. दोघे एकाच बाजूचे आहेत. ह्याच्या उलट, फ्रेंच सरदार घराण्यातला बोएल्द्यू आणि जर्मन सरदार राउफेनश्टाइन एकमेकांशी अगदी सहज बोलतात आणि जिव्हाळ्याचे काही बोलावयाचे झाले म्हणजे इंग्रजीकडे वळतात. ही इंग्रजी दोघांचीही नाही. ती त्यांच्या वर्गाची आहे. भाषेची सरहद्द राष्ट्रांमधून जाते त्यापेक्षा खोलवर वर्गांमधून जाते, हे विधान रेन्वारने कोणाच्याही तोंडी न घालता केवळ भाषांच्या अदलाबदलीतून केले आहे. बोएल्द्यूवर गोळी झाडण्यापूर्वी राउफेनश्टाइन त्याला विनवतो तेही इंग्रजीत.

चित्रपटाच्या उत्तरार्धात ह्याची दुसरी बाजू येते. निसटलेले माऱ्येशाल आणि रोझेन्थाल एका जर्मन शेतकरणीच्या घरी आसरा घेतात. तिचा नवरा व्हर्दून येथे मारला गेला आहे. रोझेन्थालला जर्मन येते, माऱ्येशालला येत नाही. तो गोठ्यातल्या गाईशी फ्रेंचमध्ये गप्पा मारतो, आणि नाताळच्या वेळी त्या बाईच्या लहान मुलीचे डोळे निळे आहेत एवढे एक वाक्य जर्मनमध्ये शिकतो. पिढ्यान् पिढ्यांच्या शिक्षणाने सरदारांना मिळालेली सामाईक भाषा आणि ह्या यांत्रिकाने घोकलेले चार शब्दांचे वाक्य ह्यांपैकी भविष्य कशाला आहे, ह्याविषयी रेन्वारच्या मनात संदेह नाही. पण शीर्षकातला 'भ्रम' कोणता, हे तो सांगत नाही. शेवटच्या दृश्यात बर्फावर सरहद्द दिसत नाही, तरी जर्मन शिपाई ती मानतात आणि गोळीबार थांबवतात. चित्रपट आला त्यानंतर दोनच वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

येथे अध्यापनातला एक अनुभव नोंदवणे भाग आहे. हा चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवल्यानंतर चर्चेत असे आढळले की दोन सरदार मध्येच इंग्रजीत बोलू लागतात हे बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या ध्यानातच आलेले नव्हते. डोळे पडद्याच्या तळाशी आणि तेथे सर्व काही एकाच भाषेत. उपशीर्षक आपल्याला पात्रांपेक्षा अधिक जाणते करते. भुयाराच्या प्रसंगात माऱ्येशालचे बोलणे आपल्याला कळत असते, म्हणून त्या इंग्रज अधिकाऱ्याचे न कळणे आपल्याला जाणवत नाही, फार तर त्याचे हसू येते. डब केलेल्या प्रतीत तर हा प्रसंग निरर्थकच होतो. तेव्हा ह्या लेखातील कोणताही चित्रपट मूळ ध्वनिपटासह पाहावा, आणि शक्य तर दोनदा : एकदा उपशीर्षके वाचून, एकदा ती झाकून.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आलेल्या रोस्सेलिनीच्या 'पाइझा' (१९४६) ह्या चित्रपटाचे शीर्षकच बोलीतले आहे. दक्षिण इटलीत 'गाववाले' अशा अर्थी हाक मारण्याचा तो शब्द. सिसिलीपासून पो नदीच्या मुखापर्यंत सरकत जाणाऱ्या ह्यातल्या सहा कथांमध्ये मुक्त करणारे आणि मुक्त होणारे ह्यांची भाषा एक नाही. पहिल्या कथेत अमेरिकन शिपाई आणि सिसिलीची कार्मेला रात्री एका पडक्या जागी बसून तुटक शब्दांत बोलू पाहतात. घरच्यांचे छायाचित्र दाखवण्यासाठी तो लायटर पेटवतो आणि त्या उजेडाच्या रोखाने आलेल्या जर्मन गोळीने पडतो. कार्मेला त्याची बंदूक घेऊन जर्मनांवर झाडते व मारली जाते. परत आलेले अमेरिकन समजतात की तिनेच आपल्या साथीदाराचा घात केला. दुसऱ्या कथेत नेपल्सचा पोरका मुलगा दारू प्यालेल्या कृष्णवर्णी अमेरिकन शिपायाला बजावतो की झोपलास तर मी तुझे बूट चोरीन. शिपायाला ते कळत नाही. तो झोपतो. रेन्वारकडे भाषा न कळण्यातूनही माणुसकीला वाट सापडते. रोस्सेलिनीकडे मित्रांमधला गैरसमजही प्राणावर बेततो आणि तो दूर करणारा कोणी साक्षीदार उरत नाही. प्रेक्षक तेवढा सत्य जाणतो.

'पाइझा' पाहताना मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच इटलीत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढत होत्या. यशवंत घाडगे ह्यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवला, आणि ते ठिकाण रोस्सेलिनीच्या शेवटच्या कथेच्या भूमीपासून फार दूर नाही. ह्या सहा कथांतली एकही त्यांची नाही. ह्यात दिग्दर्शकाला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपल्या लोकांची गोष्ट सांगितली. पण इंग्रज अधिकाऱ्याचा हुकूम एका भाषेत, पलटणीतले बोलणे दुसऱ्या भाषेत, समोरच्या खेड्यातली माणसे तिसऱ्या आणि शत्रू चौथ्या भाषेत, अशा स्थितीत लढलेल्या माणसाला कोणत्या चित्रपटाने बोलते केले, हा प्रश्न येथे मनात रुजतो. त्याच्याकडे शेवटी परत यावे लागेल.

पूर्वेकडच्या आघाडीवर ह्याच सूत्राला वेगळे वळण मिळाले. कोन इचिकावाचा 'द बर्मीज हार्प' (१९५६) हा मिचिओ ताकेयामाच्या कादंबरीवरील जपानी चित्रपट. ब्रह्मदेशातल्या एका खेड्यात वेढले गेलेले जपानी शिपाई शत्रूला संशय येऊ नये म्हणून गात राहतात. ते जे गीत म्हणतात त्याची चाल मूळच्या इंग्रजी 'होम, स्वीट होम'ची आहे, आणि अंधारातून ब्रिटिश सैनिक त्याच चालीवर आपल्या भाषेत साथ देऊ लागतात. युद्ध संपले आहे हे त्यांना अशा रीतीने कळते. हा प्रसंग भाबडा वाटेल. परंतु इचिकावा त्याच्यापाशी थांबत नाही. डोंगरात अडून बसलेल्या दुसऱ्या जपानी तुकडीचे मन वळवण्यासाठी मिझुशिमाला पाठवले जाते. येथे बोलणारा जपानी, ऐकणारे जपानी, आणि तरीही कोणी ऐकत नाही. सगळी तुकडी तोफांच्या माऱ्यात मरते. शत्रूशी गाणे जुळते आणि स्वकीयांशी बोलणे जुळत नाही. त्यानंतर मिझुशिमा भिक्षूचे वस्त्र घेतो, बेवारस प्रेतांना मूठमाती देत फिरतो आणि बोलणे जवळजवळ सोडतो. त्याच्या साथीदारांचा त्याला निरोप आणि त्याचा त्यांना नकार ह्यांची देवघेव होते ती पढवलेल्या पोपटांच्या तोंडून. बोलण्यावरचा विश्वास उडालेल्या माणसाची गोष्ट ह्याहून संयतपणे कोणी सांगितलेली मला ठाऊक नाही.

५

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की शत्रूची भाषा कळली तर युद्धाचे विष उतरेल. हे सूत्र इतके सरळ नाही, हे एलेम क्लिमोवच्या 'कम अँड सी' (१९८५) ने दाखवले. बेलारूस, १९४३. चित्रपटाच्या पटकथेत अलेस अदामोविच ह्या लेखकाचा सहभाग होता आणि तो स्वतः किशोरवयात गनिमी तुकडीत लढला होता. नायक फ्ल्योरा हा मुलगा बाँबहल्ल्यात बहिरा होतो आणि त्याच्यासह आपल्यालाही काही काळ सर्व जग घुमणाऱ्या नादापलीकडून ऐकू येते. जर्मन सैनिक गावकऱ्यांना कोठारात कोंडून जाळतात तेव्हाचा कोलाहल आरोळ्यांचा, हसण्याचा आणि संगीताचा आहे. त्यातून वाक्ये वेगळी काढता येत नाहीत. पुढे पकडलेले जर्मन गनिमांपुढे उभे केले जातात. त्यांच्यातला एक अधिकारी शांतपणे बोलतो आणि दुभाष्या ते भाषांतरित करतो : काही लोकांना ह्या जगात असण्याचा अधिकारच नाही. प्रथमच शत्रूचे बोलणे स्पष्टपणे, शब्दशः कळते आणि जे कळते ते कोलाहलाहून भयंकर आहे. भाषांतर नेहमी माणसांना जवळ आणते ही आपली वाङ्मयीन श्रद्धा येथे कसोटीला लागते. बेलारूसमधली ६२८ खेडी रहिवाशांसह जाळली गेली, असे चित्रपटाच्या शेवटी सांगितले आहे. त्या आकड्यापुढे ह्या श्रद्धेचा बचाव करणे अवघड आहे, पण तिचा त्याग करणेही अवघड आहे.

क्लिंट ईस्टवुडचा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' (२००६) ह्या पार्श्वभूमीवर पाहावा. अमेरिकन दिग्दर्शकाने १९४५ सालच्या लढाईवर काढलेला हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे जपानी भाषेत आहे. माइलस्टोनने शत्रूला आपली भाषा दिली होती, ईस्टवुडने आपल्या प्रेक्षकाला शत्रूची भाषा ऐकत बसवले. त्यातल्या एका प्रसंगात, मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकाच्या खिशातले आईचे पत्र जपानी अधिकारी निशी आपल्या शिपायांना जपानीत वाचून दाखवतो. ते ऐकताना शिपायांना आपल्याच आईचे शब्द ओळखू येतात. १९३०च्या खड्ड्यात पॉलला जे उत्तर मिळाले नव्हते, ते येथे भाषांतराच्या द्वारे, मृत्यूनंतर आणि पराभूतांच्या गुहेत मिळते. त्याने लढाईचा निकाल बदलत नाही.

६

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून घरी लिहिलेली भारतीय सैनिकांची पत्रे आपल्याला मुख्यतः टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी केलेल्या इंग्रजी उताऱ्यांतून ठाऊक आहेत. मूळ शब्द बहुतांशी गेले. ज्या भाषेत त्यांनी भीती, थंडी आणि घर ह्यांविषयी लिहिले, ती भाषाच पुराव्यातून निसटली. ह्याला एक विलक्षण अपवाद आहे आणि तो शत्रूमुळे घडला. बर्लिनजवळच्या व्ह्युन्सडॉर्फ येथील छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी भारतीय युद्धकैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. हेतू शास्त्रीय होता, माणसे नमुने होती. त्यांच्यातल्या मल्लसिंग नावाच्या शीख सैनिकाने १९१६च्या डिसेंबरात पंजाबीत थोडे बोलून घेतले : एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात असे, तो युरोपच्या लढाईत आला, आणि त्याला परत जावयाचे आहे, अशा आशयाचे. स्वतःविषयी, पण तृतीयपुरुषात.

फिलिप शेफ्नर ह्या जर्मन दिग्दर्शकाचा 'द हाफमून फाइल्स' (२००७) हा माहितीपट ह्या ध्वनिमुद्रणांचा माग काढतो. रूढ अर्थाने तो युद्धपट नाही. त्यात रणभूमी नाही आणि पुष्कळ वेळ पडदा काळाच राहतो, केवळ आवाज येतो. मूकपटापासून आरंभ झालेली ही वाट अशा रीतीने प्रतिमेवाचूनच्या आवाजापाशी येऊन पोहोचते. शत्रूच्या संग्रहात, शत्रूच्या यंत्रावर, शत्रूला न कळणाऱ्या भाषेत हा माणूस बोलला आहे. ज्या साम्राज्यासाठी तो लढला, त्याने त्याच्या सोबत्यांच्या पत्रांचे केवळ भाषांतर जपले.

ह्या यादीत मराठी आवाज नाही. इटलीतल्या आणि ब्रह्मदेशातल्या पलटणींतून परतलेली माणसे आपल्या खेड्यांत अनेक वर्षे बोलत होती. त्यांच्या बोलण्यात इटालियन गावांची बिघडलेली नावे असत, इंग्रजी हुकूम असत, आणि ऐकणाऱ्यांना ते पुन्हा पुन्हा सांगितलेले म्हणून कंटाळवाणे वाटे. ते कोणी टिपले असेल तर घरोघरी शोधले पाहिजे, कारण आता ती पिढी जवळजवळ नाहीशी झाली आहे. युद्धपटांचा अभ्यास मराठी विभागात कशासाठी, असे विचारणाऱ्यांना देण्याजोगे माझे उत्तर एवढेच आहे. शत्रूला त्याच्या भाषेत बोलू देण्यासाठी जगाच्या चित्रपटाला बरीच दशके लागली. आपल्याच शिपायाला त्याच्या भाषेत ऐकण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.